फोनपाशी कोण बसणार

"सात मिनिटं?" चिआकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, संडासाला सात मिनिटं?"

"पुरतात."

"आईचे गुडघे बघितलेत का? तिला बसून उठेपर्यंतच चार जातात."

"अठ्ठेचाळीस पोरं बारा मिनिटांत मोकळी करून आणलीत मी. तीन माणसांना सात म्हणजे चैन झाली."

"आणि हे काय? खाऊ, तीनशे येनपर्यंत?"

"मर्यादा घालावीच लागते. नाहीतर बसमध्ये ओकतात."

"कोण ओकतं? आई शहात्तर वर्षांची आहे. आणि बस कुठली, आपण ट्रेननं चाललोय."

"ट्रेनमध्येही ओकतात," फुरुता गुरुजी म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला की विषय संपला, हे त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायचं. चिआकी त्यांची मुलगी असली तरी त्यांच्या वर्गात कधी नव्हती. तिने पान उलटलं.

चिआकीची आई तोकिए त्या दोघांच्या मध्ये बसून संत्रं सोलत होती. मार्च निम्मा सरला होता, तरी मिनो गावात अजून कोणी बैठ्या टेबलावरची रजई काढली नव्हती. तिघांचे पाय एकाच रजईखाली, टेबलाखालच्या शेगडीच्या एकाच उबेला होते आणि वर ही बाचाबाची चालली होती. तोकिए प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा नखाने ओढून काढायची, फोड उजेडात धरून बघायची, मगच ती बशीत ठेवायची. तिची सवय होती ती. त्यामुळे या घरात एक संत्रं खायला पाव तास लागायचा.

चिआकी सकाळच्या गाडीने नागोयाहून आली होती. तिकडे ती एका दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस सुट्टी मागून घेतली होती तिने. आईबाबांना क्योटोला न्यायचं, उशिरा फुलणारी चेरी बघायची, दोन रात्री राहायचं आणि परत यायचं. एवढा बेत तिने दीड पानावर छापून आणला होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, बाजूला ठेवला आणि मांडीखालून स्वतःची सोळा पानी पुस्तिका काढली. हाताने लिहिलेली, दोन टाचण्या मारलेली. मुखपृष्ठावर पाच छपरांचा मनोरा.

तो मनोरा तोकिएच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं दर वसंतात तो या टेबलावर काढला गेला होता. गुरुजींच्या शाळा बदलल्या, पण सहावीचा वर्ग बदलला नाही, कारण सहावी म्हणजे क्योटोची सहल, आणि ती जबाबदारी दुसऱ्या कोणाला नको असायची. गुरुजींना हवी असायची. मे महिन्यात दोन दिवस, पिवळ्या टोप्या घातलेली पोरं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात ही पुस्तिका. एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायचं, म्हणून क्योटोतली चेरी त्यांना कधी दिसली नाही. आणि मेमध्ये गेल्यावर ते बघायचे ते टोप्यांकडे. दोन, चार, सहा, आठ. एकदा नातेवाइकांत कोणी विचारलं होतं, त्या सोनेरी देवळाचं छप्पर कसं आहे हो? गुरुजी जरा विचार करून म्हणाले होते, "छप्पर असेल."

"उद्दिष्ट पहिले," चिआकी मोठ्याने वाचत होती, "भेटेल त्या प्रत्येकाला स्पष्ट आवाजात नमस्कार करणे. उद्दिष्ट दुसरे, गटातील सहकाऱ्यांशी सहकार्य. बाबा, आपण गट आहोत?"

"तीनपेक्षा जास्त माणसं म्हणजे गट."

"तीनच आहोत."

"तीन किंवा जास्त."

"गटप्रमुख, फुरुता शिगेहारू. म्हणजे तुम्ही. आरोग्यप्रमुख, फुरुता चिआकी."

"दात म्हणजे आरोग्यच की."

"आणि आई?"

"सदस्य."

तोकिएला हसू आलं. तिने तोंडात फोड टाकली म्हणजे ते दिसणार नाही. मग फोड गिळून ती म्हणाली, "त्यात मात्सुनोइन दिसत नाहीये."

"काय?"

"मात्सुनोइन. शहराच्या पश्चिमेला ते लहान देऊळ. आमचा कागद गेलाय तिथे. मागे बोलले होते मी तुम्हाला."

"हां, ते," गुरुजी म्हणाले. "तिथे बस लागत नाही."

बाहेर शेजारच्यांचा टेम्पो मागे मागे येत असल्याची टूंटूं ऐकू आली आणि थांबली.

"गल्ली अरुंद आहे," गुरुजींनी खुलासा केला. "दोन बसेस समोरासमोर आल्या तर अर्धा तास गेला. नव्वद सालीच मी ते यादीतून काढलंय."

"बाबा," चिआकी अगदी हळू म्हणाली, दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तशी, "आपण तिघं आहोत. आपल्याला बस नाही. बस लागायचा प्रश्नच येत नाही."

"तरीपण," गुरुजी म्हणाले.

तोकिए कागदाच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कारखाना कसला, नदीकाठी पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि वाहत्या पाण्याचा हौद. तुतीची साल शिजवून त्या पाण्यात सोडायची आणि तीन-चार बायकांनी हौदाच्या कडेला बसून तिच्यातला कचरा वेचायचा. डाग, गाठ, सालीचा काळा कण, जे काही पांढरं नाही ते सगळं. बोटं सुन्न व्हायची आणि गुडघे कायमचे आखडायचे. तिथून साल कुटायला जायची, मग गाळायला, मग तावाच्या रूपात फळीवर उन्हात वाळायला. ताव उचलणाऱ्या कारागिराचं नाव व्हायचं. वेचणारीचं नाव होत नसे. ताव उजेडात धरला आणि त्यात काही दिसलं नाही, म्हणजे तोकिए तिथे होती.

बारा वर्षांपूर्वी मात्सुनोइनची मागणी आली, मोठ्या दालनाच्या कागदी दारांसाठी. चांगला हातकागद आतल्या दारांना वीस वर्षं टिकतो, तेव्हा हा कागद जपून करायचा होता. सगळा माल तोकिएच्या हाताखालून गेला. शेवटच्या दिवशी फळीवरून सोडवलेले ताव मोजताना एका तावात तिला ठिपका दिसला. तपकिरी, तिळाच्या टोकाएवढा. ताव बाजूला काढायला तिने हात उचलला. पण टेम्पो दारात उभा होता, मालक दोरी आवळत होता, आणि तिने हात खाली घेतला. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून दुपारी तीनच्या सुमारास, ऊन तिरकं झालं की, तिच्या मनात यायचं, आत्ता त्या दारातून उजेड येत असेल. कुठल्या तरी दारात तो ठिपका असेल. तिला तो काढायचा नव्हता, कोणाची माफी मागायची नव्हती. समोर बसून बघायचा होता. अर्धा तास, फार तर.

क्योटो मिनोहून तीन तासांवर. तोकिए तिथे एकदाही गेली नव्हती.

"दे इकडे," ती चिआकीला म्हणाली आणि तिने पुस्तिका घेतली.

ती नेहमी शेवटाकडून बघायची. तावही खालच्या कडेपासून वर बघायचा, म्हणजे डोळा घसरत नाही. सोळावं पान म्हणजे पुस्तिकेची मागची बाजू. तिथे चौकटीत, गुरुजींच्या सरळ उभ्या अक्षरात, लिहिलं होतं, आपत्कालीन संपर्क. त्याखाली घरचा नंबर. त्याखाली, फोनवर: फुरुता तोकिए.

तिने नख त्या ओळीवर ठेवलं आणि पुस्तिका टेबलावर सरकवली.

चिआकीने वाचलं. आधी ती हसली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने हसू आवरलं.

"सवयीनं लिहिलं गेलं," गुरुजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

सवय खरी होती. एकतीस वर्षं सहलीच्या पुस्तिकेत हाच नंबर होता. शाळा दुपारी चारला बंद होते, पोरं बंद होत नाहीत, असं गुरुजींचं म्हणणं. म्हणून ते दोन दिवस तोकिए फोनपाशी बसायची, घराच्या बोळात, लाकडी घडवंचीजवळ. संध्याकाळी सातला क्योटोहून त्यांचा फोन यायचा. पोचलो, सगळे ठीक, जेवायला बसलो. मग तोकिए आठ आयांना फोन करायची. त्या आठ जणींनी पुढे पाच-पाच घरी सांगायचं. पाव तासात सगळ्या पंचक्रोशीला कळायचं की पोरं जेवायला बसली. अजूनही बाजारात एखादी बाई मुळा मागत असली की तोकिएला मागून आवाजावरून कळतं, ही पंच्याऐंशी सालच्या वर्गातल्या त्या रडक्या मुलाची आई. चेहरा ओळखत नाही. आवाज ओळखते.

"चुकून लिहिलं हे मान्य," गुरुजी म्हणाले. चष्मा आता पुसून पुसून गुळगुळीत झाला होता. "पण प्रश्न रास्त आहे. फोन कोण घेणार?"

"कोणाचा फोन?" चिआकी म्हणाली.

"कोणाचाही. काही झालं तर."

"काही झालं तर आपल्याला होईल ना? आपण तिथे असू."

"म्हणूनच. इथे कोणीतरी पाहिजे."

"माझ्याकडे मोबाइल आहे, बाबा."

"तू तिथे, मोबाइल तुझ्या खिशात. संपर्काचा माणूस आणि गट एके ठिकाणी असून चालत नाही. ही मूळ गोष्ट आहे."

"मग काय, आई घरी बसणार?"

"मी असं म्हटलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

तोकिएने संत्र्याची सालं एकात एक घालून वाटी केली. "बरोबरच लिहिलंय की," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. "जा तुम्ही दोघं. मी आहे फोनपाशी." आणि सालं टाकायला आत गेली.

चार चाळीसच्या गाडीला निघताना चिआकीने बुटाची नाडी बांधायला उगाच वेळ लावला. "आई, तू येणार आहेस. तिकिटं काढलीत मी."

"बघू."

"बघू नाही. त्यांचं तू मनावर घेऊ नकोस. ते सगळ्यांनाच सहावीत समजतात."

"सहावीतली पोरं निदान जायची तरी," तोकिए म्हणाली आणि तिच्या हातात मुळ्याच्या लोणच्याची पिशवी दिली. "खालून गळतंय का बघ."

"हॉटेलवाले फोन करतील एवढ्यात. पलंगाची खोली हवी की जमिनीवर गादी. मी त्यांना इथलाच नंबर दिलाय, तुला हवं ते तू सांग. ऐकतेयस ना?"

"गाडी चुकेल," तोकिए म्हणाली.

सोमवारी तोकिए कामावर गेली तेव्हा हौदावर योनेको होती. योनेको तिच्याहून दोन वर्षांनी लहान, नवरा गेलेला, तोंड सतत चालू. एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींचे चेहरे कमी आणि पाण्यातले हात जास्त बघितले होते. तोकिएने एक-दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

"मग त्या फोनलाच घेऊन जा क्योटोला," योनेको म्हणाली. "खिडकीची सीट दे त्याला."

"वायर पुरायची नाही."

"आमच्या ह्यांनी मला सगळा देश दाखवला. ट्रकच्या काचेतून. सिमेंट उतरवेपर्यंत थांबायचं आणि परत. पण निदान बसवलं तरी शेजारी." तिने पाण्यातून सालीचा एक झुबका उचलला आणि दोनदा बघून सोडून दिला. तोकिएने तोच झुबका ओढून घेतला आणि त्यातून तीन कण काढले. "आणि तू तरी काय," योनेको पुढे म्हणाली, "सेकीला जाऊन बूट आणलेस ना? मला सगळं कळतं. दुकानदारीण माझी मावसबहीण आहे."

बूट खरंच आणले होते, तीन आठवड्यांपूर्वी. राखाडी, मऊ तळाचे, चालायला चांगले. खोक्यासकट तांदळाच्या पिंपामागे होते. घरात ते कोणी बघितले नव्हते.

"सांग ना त्यांना सरळ. मला जायचंय म्हणून."

"काय सांगू? एक ठिपका राहिलाय म्हणून?"

"कुठला ठिपका?"

मग तोकिएने सांगितलं. टेम्पो, दोरी, उचललेला हात. योनेकोचे हात पाण्यात थांबले. असं सहसा होत नसे.

"बारा वर्षं? एका ठिपक्यासाठी?"

"तुला नाही कळायचं. तू मूठ मूठ सोडतेस."

"म्हणून मला झोप लागते," योनेको म्हणाली. पण नंतरचा पूर्ण झुबका तिने नीट वेचला, आणि वेचून झाल्यावर तोकिएला दाखवला.

घरी तो आठवडा शांततेत गेला. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. गुरुजी सकाळी पेपर वाचायचे, दुपारी बागेतला कांदा उपटायचे. पुस्तिका टेबलावरून नाहीशी झाली होती. तोकिए सूप करायची, वाढायची. ते "गरम आहे" म्हणायचे, ती "गरम असतंच" म्हणायची. जायचा विषय कोणी काढला नाही.

शुक्रवारी भट्टी बिघडली म्हणून शेडमधलं काम लवकर आटपलं. तोकिए दोनलाच घरी आली. दार सरकवलं तर समोर बोळात गुरुजी, जमिनीवर मांडी घालून, फोनकडे तोंड करून बसलेले. शेजारी चहाचा पेला, त्यात गार चहा.

"काय हो, काय झालं?"

"काही नाही."

"कोणाचा फोन यायचाय?"

"कोणाचा नाही."

तिने पायातलं काढलं. "कधीपासून बसलाय?"

"साडेनऊ."

"जेवलात?"

"उठलो नाही." त्यांनी पाय लांब करायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच थांबले. "बघत होतो. कसं असतं ते."

तोकिए पिशवी धरून उभी राहिली. या माणसाने लग्नाच्या त्रेपन्न वर्षांत घरचा फोन उचललेला तिला आठवत नव्हता. वाजला की आतून हाक यायची, अगं, फोन. मग तो त्यांचाच असला तरी.

"मग? कसं वाटलं?"

"कोणी करतच नाही."

"नाहीच करत. तेच तर काम असतं."

ते जरा वेळ फोनकडे बघत राहिले. "पाठ दुखते."

"उशी घ्यायची पाठीला. त्या कपाटात आहे, निळी."

"ती उशी म्हणजे त्यासाठी?"

"मग कशासाठी वाटली?"

गुरुजींनी कपाटाकडे पाहिलं. ती निळी उशी त्या घरात इतकी वर्षं होती की तिला काही कारण असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "दोन दोन दिवस काय करायचीस इथे?"

"साल आणायचे बादलीतून. वेचत बसायचे."

"बाकी?"

"बाकी सातला तुमचा फोन. तो ऐकायचे."

"मी काय, एक मिनिट बोलायचो. पैसे पडायचे."

"तुमचं नाही हो." तोकिए पायरीवर बसली. गुडघा वाकवताना तिने दाराची चौकट धरली. "तुमच्या मागचं. एकदा घंटा वाजत होती. मोठी, लांबवर. एकदा कोणीतरी बाई हसत होती आणि भांडी वाजत होती. एकदा पाऊस होता, इथे नव्हता. चिआकीच्या जन्माच्या वर्षी कोणी बासरीसारखं काही वाजवत होतं आणि तुम्ही मधेच 'ओळीत उभे राहा' म्हणून ओरडलात. माझं क्योटो तेवढंच आहे."

गुरुजींनी पेल्यातला गार चहा पिऊन टाकला आणि उठायला हात टेकला. उठता येईना. तोकिएने हात दिला. तिलाही उठता येईना. दोघं थोडा वेळ तसेच एकमेकांचा हात धरून बोळात बसले, कोणाचे गुडघे आधी ऐकतात याची वाट बघत.

"सात मिनिटं कमी पडतील," शेवटी गुरुजी म्हणाले.

"पडतीलच."

शनिवारी सकाळी टेबलावर नवी पुस्तिका होती. मनोरा तोच, पण त्याच्या शेजारी फुलं काढली होती. जरा कोबीसारखी दिसत होती. गुरुजी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते आणि बघत नसल्यासारखं बघत होते.

तोकिएने या वेळी पुढून उघडली. संडास, पंधरा मिनिटं. खाऊ, ज्याला जो हवा तो. गटप्रमुखाच्या जागी रेघ मारून लिहिलं होतं, पहिला दिवस शिगेहारू, दुसरा दिवस तोकिए, तिसरा दिवस चिआकी. पहिल्या दिवसाचं पान मिनिटामिनिटाने भरलेलं. तिने उलटलं. दुसरा दिवस. वर तारीख, आणि खाली पूर्ण पान कोरं. फिकट पेन्सिलीने आखलेल्या ओळी तेवढ्या होत्या, म्हणजे तिचं अक्षर वर-खाली जाऊ नये.

"हे राहिलंय," ती म्हणाली.

"राहिलेलं नाही. गटप्रमुखानं भरायचं असतं ते."

"बस लागत नाही तिथे."

"चालत जाऊ," गुरुजी म्हणाले. "मी नकाशा बघितला. स्टेशनपासून अकराशे मीटर. मध्ये बसायला दोन बाक आहेत. तिसरा दिसतो, पण तो बहुतेक बसचा थांबा आहे."

तोकिएने पेन्सिल मागितली. त्यांनी टोक तपासून दिली. तिने बराच वेळ कागदाकडे बघितलं, मग मधल्या ओळीवर लिहिलं: मात्सुनोइन. तीन वाजल्यापासून ऊन असेपर्यंत.

गुरुजींनी मान तिरकी करून वाचलं. "ऊन असेपर्यंत ही वेळ नव्हे."

"मग काय आहे?"

"म्हणजे किती वाजता निघायचं ते कळायला हवं. साडेचार? पावणेपाच?"

"ऊन गेलं की."

"आणि ढग आले तर?"

"तर लवकर."

गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा काढला, हातात धरला, आणि न पुसता परत घातला. "तिथे एवढा वेळ बसून काय बघायचं असतं?"

"सांगेन तिथे गेल्यावर," तोकिए म्हणाली. "तुम्हाला दिसतं का बघू."

मग तिने सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. चौकट होती. वर लिहिलं होतं, आपत्कालीन संपर्क. खाली काही नव्हतं. खोडल्याची खूण मात्र होती, दोनदा, कागद पातळ होईपर्यंत.

"तेवढं सोड," गुरुजी म्हणाले. "विचार करतोय. योनेकोबाईंना सांगावं का? पण त्या बोलत बसतात, लाइन मोकळी राहायची नाही. आणि कोरं ठेवता येत नाही. चौकट आखली की त्यात काहीतरी लागतं. तूच सांग, कोणाचं नाव घालू?"

तोकिए उठली. आत गेली आणि तांदळाचं पिंप सरकवल्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात खोकं होतं. बोळातल्या पायरीवर बसून तिने खोक्यातून बूट काढले, आतला चुरगाळलेला कागद उजेडात धरून बघितला, मशीनवर बनलेला, आणि घडी करून ठेवला. मग एकेक बूट पायात चढवला.

"हे कधी आणलेस?" गुरुजी टेबलापासून म्हणाले. "नवे घालून एकदम अकराशे मीटर चालायचं नाही. टाचा सोलतात. आधी रोज थोडं थोडं, हे मी पोरांना दर वर्षी..."

फोन वाजला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. फोन तिच्या हातापासून वीतभर होता. पुन्हा वाजला.

"अगं, फोन," गुरुजी म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "हॉटेलवाले असतील. पलंग की गादी विचारतील. काय सांगायचं त्यांना? तुला काय हवं?"

तोकिएने दाराची चौकट धरली, गुडघ्यांना वेळ दिला आणि उभी राहिली. बूट मऊ होते. तिने एकदा टाचेवर, एकदा चवड्यावर भार देऊन बघितला.

"तोकिए," गुरुजी म्हणाले. रजईखालून पाय ओढून काढत ते बोळाकडे निघाले होते. "ऐकलंस का? पलंग का गादी?"

तिने फोन वाजू दिला, दार सरकवलं आणि नदीच्या बाजूला, जिथे थोडा चढ होता, तिकडे चालायला लागली.